अंगणाजोगी कोंबडी

उत्तरेस गाविलगडची डोंगररांग, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांचा चढ, आणि या दोहोंमध्ये पूर्णेच्या काळ्या मातीचे विस्तीर्ण खोरे, असा जो प्रदेश मोगलांच्या सुभ्यापासून इंग्रजांच्या कमिशनरीपर्यंत प्रत्येक दप्तरात वऱ्हाड या एकाच नावाने नांदत आला, त्याची कीर्ती कापसाची आणि ज्वारीची. कोंबडीला त्या कीर्तीत वाटा नाही. तथापि अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही आठवडी बाजारात सकाळच्या प्रहरी गेले असता, डालग्यात किंवा पायाला सुतळी बांधून पाच-दहा कोंबड्या घेऊन बसलेल्या बाया ज्या संख्येने दृष्टीस पडतात, ती पाहता घरोघरच्या तेल-मिठाचा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा केवढा भार या पक्ष्याच्या अंगावर आहे, याची साक्ष पटते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटींच्या वर गेलेली आढळली आणि मागील गणनेच्या मानाने ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. मोठमोठ्या पोल्ट्र्यांच्या या काळात अंगणातली कोंबडी नामशेष होईल असा जो होरा अनेकांनी बांधला होता, तो अशा रीतीने चुकीचा ठरला.

अंगणात कोंबड्या पाळू इच्छिणारा मनुष्य पहिला प्रश्न बहुधा असा विचारतो की, कोणत्या जातीची कोंबडी सर्वांत अधिक अंडी देते. माझ्या मते हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा असावा. पहिला प्रश्न अंगणाविषयीचा आहे: तेथे सावली किती, उन्हाळा किती कडक, घारी-मुंगसांचा उपद्रव किती, कोंबडीला दिवसभर फिरावयास मोकळी जागा आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे, पुढची पिढी कोण उबवणार, घरची कोंबडी की दूरचे उबवणी केंद्र? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठरले की जातीची निवड निम्म्याहून अधिक झालीच असे समजावे.

कोंबडीचे मूळ शोधावयाचे तर वऱ्हाडच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, तो आग्नेय आशियात माणसाळला असे आजच्या जनुकशास्त्राचे मत आहे. परंतु मेळघाटच्या रानात पहाटे ज्याची तुटक आरोळी ऐकू येते, त्या राखी रानकोंबड्याचेही थोडे रक्त आपल्या कोंबड्यांत मिसळले आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले, आणि हा पक्षी हिंदुस्थानच्या द्वीपकल्पाबाहेर कोठेही आढळत नाही. म्हणजे जगात कोठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिच्या वंशावळीत आपल्याकडच्या रानाचा एक धागा आहे, ही गोष्ट मला विलक्षण आनंदाची वाटते.

आता जिला आपण गावरान म्हणतो ती कोंबडी घेऊ. गावरान ही नोंदणीकृत जात नव्हे. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशी कोंबड्यांच्या ज्या जाती दप्तरी नोंदल्या आहेत, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला येते ती नंदुरबार-धुळ्याकडची आणि गुजरातच्या सीमेवरची बुसरा. वऱ्हाडातली गावरान कोंबडी ही तांबडी, काळी, करडी, कवडी अशा नाना रंगांची, सव्वा-दीड किलो वजनाची, लांब पायांची आणि सावध नजरेची. ती वर्षाकाठी ५० ते ६० अंडी देते, आणि तीही सलग नव्हे. दहा-पंधरा अंड्यांची एक पाळी घालून ती खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवणीला बसते. कारखानदारी दृष्टीने पाहणाऱ्यास हा शुद्ध तोटा वाटतो. पिंजऱ्यातील पांढरी लेगहॉर्न वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देत असता ५० अंड्यांच्या पक्ष्याला दाणे का घालावे, असे तो म्हणतो.

परंतु खुडूक होणे म्हणजे काय याचा विचार केला पाहिजे. अंड्यांची पाळी पुरी होताच कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते. त्याच्या प्रभावाने अंडाशय आकसते, पोटाखालची पिसे झडून उघडी ऊबदार कातडी अंड्यांना भिडते, आणि ती कोंबडी २१ दिवस दाण्यापाण्यापुरती उठून पुन्हा त्याच जागी येऊन बसते. ती अंडी वारंवार चोचीने फिरवते, म्हणून गर्भ कवचाला चिकटत नाही. आर्द्रता, ऊब आणि हवा यांचे जे प्रमाण उबवणी यंत्राच्या कारागिराला मापकांवर नजर ठेवून राखावे लागते, ते तिच्या अंगी उपजत असते. पिल्ले निघाल्यावर पुढील दोन महिने त्यांना पंखाखाली घेणे, घारीची सावली दिसताच विशिष्ट आवाजाने इशारा देणे, कोणता किडा खावा आणि कोणता खाऊ नये हे शिकवणे, हे सर्व काम ती विनावेतन करते. यंत्रातून आलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना हेच पुरवावयाचे तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची कृत्रिम ऊब द्यावी लागते आणि पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी उतरवावी लागते. ज्या गावात विजेचा भरवसा नाही, तेथे खुडूक कोंबडीची किंमत अंड्यांच्या हिशेबात धरणे हा अन्यायच होय.

अधिक अंड्यांच्या जाती ज्या पद्धतीने घडल्या, तिच्यात हा खुडूकपणाच पिढ्यान् पिढ्या निवडीने काढून टाकला गेला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड आणि ऑस्ट्रेलियातील ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या दोन जाती आपल्या सरकारी केंद्रांतून दीर्घकाळ वाटल्या गेल्या. यांपैकी ऑस्ट्रेलॉर्पच्या एका कोंबडीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याची नोंद आहे. अशा नोंदी ऐकून माणूस भारावतो, पण त्या कोंबडीची निगा कोणी, कोणत्या हवेत आणि कोणत्या खाद्यावर राखली होती, हेही विचारावयास हवे. पुढे खास परसासाठी म्हणून संकरित पक्षी निर्माण झाले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचे वनराज आणि ग्रामप्रिया ही त्यांतील ठळक नावे. वनराज हा मांस आणि अंडी या दोहोंसाठी; मादी वर्षाला १०० ते ११० अंडी देते आणि नर चांगला वजनदार होतो. ग्रामप्रिया हलक्या अंगाची आणि अंड्यांसाठी. घरच्या व्यवस्थेतही तिची वार्षिक अंडी दीडशेच्या पुढे जातात. यांची पिसे मुद्दाम रंगीत ठेवली आहेत, कारण आपल्याकडील गिऱ्हाईक रंगीत कोंबडीला आणि तांबूस अंड्याला गावरानाचा भाव देते.

या संकरितांविषयी एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही, ती मी आग्रहाने सांगतो. दोन निराळ्या वाणांच्या संकराने जो जोम येतो तो पहिल्या पिढीपुरता असतो. वनराजाचा नर आणि वनराजाची मादी यांची अंडी घरी उबवली तर निघणारी पिल्ले आईबापांसारखी एकसारखी होत नाहीत. कोणी खुजे, कोणी मंद वाढीचे, कोणी कमी अंड्यांचे निघते. शिवाय त्या माद्या बहुधा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे उबवायलाही दुसरी कोंबडी लागते. म्हणून जो केवळ संकरित पक्षी पाळतो, त्याने दर दीड-दोन वर्षांनी केंद्राच्या दारी जाण्याची तयारी ठेवली पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा गट, अथवा एक दिवसाची १०० पिल्ले, अनुदानावर मिळतात. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण मादी, आणि परसासाठी हा मार्ग मला पिल्लांपेक्षा अधिक पसंत आहे. कारण पहिल्या काही आठवड्यांचा जो काळ सर्वांत नाजूक, तो तिने केंद्रात घालवलेला असतो.

कडकनाथाविषयी थोडक्यात. झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल प्रदेशातला हा पक्षी, काळ्या पिसांचा, काळ्या कातडीचा आणि मांसापर्यंत काळा. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची अंडी मात्र काळी नसतात, आणि जो कोणी काळी अंडी म्हणून विकतो तो फसवतो. पक्षी काटक आहे, रुचकर आहे, आणि डोंगराळ मुलखाच्या हवेला सरावलेला असल्याने मेळघाटात तो चांगला रुळावा. पण त्याच्या नावाने भरमसाठ परताव्याची आश्वासने देऊन शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले गेल्याचे जे प्रकरण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात उघडकीस आले, ते ध्यानात ठेवावे. खात्रीचा दर आणि खात्रीची खरेदी यांचा करारनामा पुढे करणाऱ्या माणसाकडून कोंबडी घेऊ नये. असील हा दुसरा देशी वाण, उंच मानेचा आणि दणकट; मादी उत्तम आई, नर मात्र भांडखोर, आणि त्याला झुंजवणे हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण अकोल्याच्या बाबतीत सर्व हिशेब शेवटी उन्हाळ्यापाशीच येऊन थांबतात. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, आणि श्वासातून बाष्प सोडून अंग निववते. या धापांबरोबर रक्तातील कर्बवायू अतिशय बाहेर पडतो, त्यामुळे कवच घडवण्यास लागणारे कार्बोनेट कमी पडते आणि अंड्याचे कवच पातळ होते. मे महिन्यात अंडी हाताळताच फुटतात याचे कारण पुष्कळदा चुन्याच्या कमतरतेत नसून या धापांत असते. जड अंगाचा पक्षी या दिवसांत प्रथम दगावतो, आणि म्हणूनच सपाटीवरील उघड्या, सावलीहीन आवारात वनराजापेक्षा ग्रामप्रिया किंवा गावरान बरी. आपल्या गावांत क्वचित उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची कोंबडी दिसते. लोक तिला कुरूप समजून किंवा औषधी समजून लवकर कापतात. प्रत्यक्षात उघड्या मानेचे जनुक अंगावरील पिसांचा भार बराच घटवते, एका पालकाकडून आले तर सुमारे २० टक्के आणि दोघांकडून आले तर ४० टक्क्यांपर्यंत, आणि असा पक्षी उष्णता सहज बाहेर टाकतो. बरेलीनजीकच्या इज्जतनगर येथील केंद्रीय संस्थेने हितकारी आणि उपकारी हे वाण याच दोन लक्षणांच्या आधारे घडवले. अकोल्याच्या खेड्यात असा कोंबडा कोणाकडे असेल, तर त्याला सुरीखाली देण्यापूर्वी चार माद्यांवर ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उबवणीचाही हंगाम आहे. गर्भाची वाढ सुमारे २० अंशांखाली पूर्ण थांबते. त्याच्या वर ती मंदपणे चालूच राहते. उन्हाळ्यात घरात ठेवलेले अंडे कोंबडीखाली जाण्यापूर्वीच अर्धवट वाढून आत मरते, आणि कोंबडीला २१ दिवस व्यर्थ बसावे लागते. म्हणून कार्तिक ते पौष या काळात १० ते १२ ताजी अंडी देऊन कोंबडी बसवावी. सातव्या-आठव्या दिवशी रात्री दिव्यासमोर अंडे धरून पाहावे, लाल शिरांचे जाळे दिसले तर फळलेले, स्वच्छ दिसले तर वांझ. या काळातली पिल्ले उन्हाळा सुरू होईतो अंगाने भरलेली असतात.

खोऱ्यातील हे झाले. मेळघाटात शत्रू निराळे. धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू वस्त्यांत घरे रानाला लागून असतात, तेथे घार, शिक्रा, मुंगूस आणि रानमांजर यांचा जाच मोठा. पांढरी कोंबडी त्या हिरवळीत कोसभरावरून दिसते आणि प्रथम बळी पडते. करडी, तांबूस ठिपक्यांची मादी पाचोळ्यात बसली की माणसालाही सापडत नाही. ज्याला उडून फांदीवर जाता येत नाही, अशा जड पक्ष्याला तेथे रात्री पक्के खुराडे नसेल तर ठेवू नये. कोरकूंच्या देवकार्यात कोंबड्याला स्थान आहे, आणि त्याच्या रंगाकडेही पाहिले जाते. त्यामुळे कळपात रंगांची विविधता राखण्याची एक सवय त्या समाजात आपोआप टिकून राहिली आहे, आणि पैदाशीच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. या ठिकाणी एक विषयांतर क्षम्य ठरावे. मनुस्मृतीने गावातील कोंबडा द्विजांना वर्ज्य ठरवला, आणि परिणामी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या वर्गाचा या पक्ष्याशी शतकानुशतके फारसा संबंध आला नाही; कोंबडीविषयीचे आपले बरेचसे ज्ञान कोरकू, गोंड आणि गावकुसाबाहेरील बायांच्या तोंडी राहिले, कागदावर उतरले नाही. ते आता उतरवून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

खाद्याच्या बाबतीत वऱ्हाडची शेती उदार आहे, पण तिच्यात काही फसवे पदार्थ आहेत. ज्वारी, तुरीची चुरी, मळणीच्या कुटारातले दाणे, घरचे उष्टे-खरकटे आणि मातीतले किडे यांवर मोकळी कोंबडी निम्म्याहून अधिक पोट भरते. अंड्यावरच्या मादीला संध्याकाळी मूठभर दाणे आणि कुटलेले शिंपले वेगळे द्यावेत. सरकीची ढेप गाईम्हशींना चालते म्हणून ती कोंबड्यांपुढे टाकण्याचा मोह होतो. सरकीतील गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक शेवाळी-तपकिरी होतो, आणि तिच्या तेलातील काही आम्लांमुळे पांढरा भाग गुलाबी पडतो. असे अंडे बाजारात कोणी घेत नाही. कच्च्या सोयाबीनमधील एक द्रव्य प्रथिनांचे पचन अडवते, म्हणून सोयाबीन भाजल्याशिवाय देऊ नये. भिजून बुरशी धरलेला मका किंवा भुईमुगाची पेंड हे तर विषच. लहान पिल्लांसाठी जुनी युक्ती उत्तम आहे: मडक्यात शेण आणि ओला काडीकचरा भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथे घालावे, सकाळी उधईने भरलेले मिळते. मात्र कपाशीवर औषधाची फवारणी चालू असता कोंबड्या शेतात सोडू नयेत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे दगावली. तेच औषध पिऊन पडलेला किडा कोंबडीच्या चोचीत गेला तर काय होईल, हे सांगावयास नको.

रोगांपैकी एकाचेच नाव येथे घेतो, कारण तोच कळपच्या कळप नाहीसे करतो. गावकरी ज्याला मानमोडी म्हणतात तो रोग हिंदुस्थानात १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे ओळखला गेला, आणि त्याच गावाच्या नावाने तो दप्तरात गेला. हिरवट हगवण, घरघर, लुळे पंख आणि पिळवटलेली मान ही त्याची चिन्हे. औषध नाही, केवळ लस. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि सुमारे आठव्या आठवड्यात टोचणी, असा क्रम आहे. अडचण अशी की लशीची कुपी १०० किंवा अधिक मात्रांची असते, ती थंडीत ठेवावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीला ती एकटीने परवडत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे साऱ्या आळीने एकाच सकाळी लस टोचून घेणे. अकोल्यास पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे; तालुक्याच्या दवाखान्यात शब्द टाकला तर सल्ला दुर्मीळ नाही. बाजारातून आणलेली कोंबडी मात्र किमान दोन आठवडे निराळ्या कोठ्यात ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये, कारण मानमोडी गावात शिरते ती बहुतेक बाजाराच्या वाटेने. मातीच्या भिंतींच्या फटींत दिवसा लपून रात्री रक्त पिणाऱ्या गोचिडांकडेही पाहावे. फटी लिंपून घ्याव्यात, आणि कोंबड्यांना लोळावयास राख मिसळलेली कोरडी माती द्यावी.

या सर्वांचा विचार करता खोऱ्यातील सामान्य घराला मी असा कळप सुचवीन: चार-पाच गावरान माद्या, ज्या खुडूक बसतात म्हणून ओळखीच्या आहेत, सहा-सात ग्रामप्रियाच्या तलंगा, रोजच्या अंड्यांसाठी, आणि या दहा-बारा माद्यांमागे एक गावरान कोंबडा, शक्य तर उघड्या मानेचा. कळपात एकच कोंबडा असावा, दोन जड नर एका आवारात ठेवले की हलक्या माद्यांची पाठ सोलली जाते. निरनिराळ्या जातींची पिल्ले एकत्र वाढवताना मोठी लहानांना दाण्याजवळ येऊ देत नाहीत, म्हणून दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि लहानांसाठी तुराट्यांचा असा कूड करावा की ज्याच्या फटीतून तीच आत जाऊ शकतील. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे उन्हाची तिरीप लांब भिंतीवर पडत नाही. जमीन हातभर उंच, वर कडुनिंबाची सावली, आणि दोन बाजू जाळीच्या. ग्रामप्रियाची अंडी विकावीत आणि उबवावयास ठेवू नयेत; गावरान मादीखाली गावरानाचीच ठेवावीत.

कोंबडा दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, नाही तर तो आपल्याच मुलींवर राहतो आणि पिल्ले अशक्त निघू लागतात. तो विकत घेण्यापेक्षा दुसऱ्या गावातील नात्यातल्या घराशी अदलाबदल करणे उत्तम, कारण त्याची आई कोण, ती किती अंडी घालत होती आणि मागच्या मानमोडीत त्या घरची किती पाखरे वाचली, हे तेथे विचारता येते.